न सांगितलेली गोळी

मागच्या वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात नांदेडच्या एका खाजगी रुग्णालयात माझ्या उजव्या पायाची दोन बोटं काढण्यात आली. शस्त्रक्रियेपूर्वी रुग्ण कोणकोणती औषधं घेतो, असं विचारण्यात आलं. साखरेची सांगण्यात आली, रक्तदाबाचं सांगण्यात आलं. एक गोळी सांगितली नाही.

ती गोळी दारू सोडवण्यासाठी दिली जाते. मी दारू पीत नाही. आमच्या घरात कुणीच पीत नाही. मला ती खाणं आवरण्यासाठी दिली होती. अशी गोळी ज्यांच्या घरात आहे आणि पाहुणे आले की कपाटात मागे सरकवली जाते, त्यांना पुढचं ठाऊक असावं, एवढ्यासाठी हे लिहीत आहे. गोळीचं नाव देत नाही. कुणाला द्यायची, हे डॉक्टरने ठरवायचं असतं.

रिकामी खुर्ची

मी हिंगोलीत एका दैनिकाच्या जिल्हा कार्यालयात काम करतो. चार वर्षांपूर्वी शहरात मोफत मधुमेह तपासणीचं शिबिर होतं. बातमीसाठी मी आणि आमचे छायाचित्रकार रफिकभाई गेलो. उद्घाटन वेळेवर झालं, रुग्ण मात्र आले नव्हते. रफिकभाईंना फोटो हवा होता.

"मिलिंदभाई, जरा बैठो ना. खाली कुर्सी का फोटो कौन छापता?"

मी बसलो. बोटाला सुई टोचली, फोटो निघाला. तपासणाऱ्या मुलीने यंत्राकडे पाहिलं आणि माझं दुसरं बोट मागितलं.

"सर, सकाळी काही गोड खाल्लंय का?"

"दोन पेढे."

दुसऱ्या बोटाचा आकडाही तीनशेच्या वर होता. ती मुलगी हळू आवाजात म्हणाली, "सर, हे दोन पेढ्यांचं नाहीये." रफिकभाईंनी कॅमेरा खाली घेतला. "फोटो अच्छा आया," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बातमी फोटोसह छापून आली. शिबिरात आढळलेल्या रुग्णांत बातमीदाराचा समावेश होता, हे बातमीत नव्हतं.

डबे

आमच्या व्यवसायात आनंदाची बातमी पेढ्यांच्या डब्यासोबत येते. कुणाचं पोरगं पोलीस भरतीत लागतं, कुणाची मुलगी डॉक्टरकीला जाते, कुणाची समितीवर निवड होते. फोटो आणि डबा एकाच पिशवीतून निघतात. "तोंड गोड करा साहेब, मंग लिहा." नाही म्हटलं की माणूस दुखावतो. डबा सगळ्यांपुढे फिरतो, एकेक पेढा उचलला जातो आणि उरलेला डबा ज्याच्याकडे बातमी, त्याच्या टेबलावर येतो. त्या बातम्या माझ्याकडे असत.

निदान झाल्यावरही हे थांबलं नाही. साखरेची गोळी पाण्यासोबत घ्यायची आणि तासाभराने झाकण उघडायचं, असं चाललं. भूक हे कारण नव्हतं. कनेरगाव नाक्यावरच्या एका ढाब्यावर भाकरी आणि शेवभाजी पोटभर खाऊन झाल्यावर मी गुलाबजाम मागवले. रफिकभाईंनी विचारलं, "भाई, पेट भरा नहीं क्या?"

"भरलं."

"फिर?"

मी वाटी जवळ ओढली.  

ज्या दिवशी मुख्य कार्यालयातून ओरडा बसे, त्या दिवशी डबा लवकर संपे. माझी पत्नी सुनंदा पिशवीत पेरू घालून द्यायची. पेरू घरी परत यायचा. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, मुलांच्या खोड्या पकडण्याची तिला सवय आहे. मी घरी आलो की ती माझा हात धरायची आणि बोटं नाकाजवळ न्यायची.

"वेलदोड्याचा वास येऊन राहिला."

"चहाचा असंल."

"चहात बोटं घालून पिता का तुमी?"

यावर पहिल्या वर्षी आम्ही दोघंही हसायचो. तिसऱ्या वर्षी ती बोटं हुंगायची आणि हात सोडून द्यायची.

कडी

तिसऱ्या हिवाळ्यात बूट लागून टाचेजवळ एक जखम झाली. ती मोज्याला रक्त लागल्यावर दिसली. भरायला दोन महिने लागले. साखरेचे डॉक्टर म्हणाले, औषधं मी वाढवू शकतो, पण तुमचा हात मी धरू शकत नाही. त्यांनी नांदेडच्या एका मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवलं. सुनंदा सोबत होती.

त्या डॉक्टरांनी वजन, साखर काहीच विचारलं नाही. विचारलं ते असं:

"पहिला पेढा खाताना कसं वाटतं?"

"चांगलं."

"दहावा?"

"दहावा खाताना काही वाटत नाही. अकरावा हवा असतो."

"तेव्हा भूक असते?"

"नसते."

त्यांनी सांगितलेलं मी त्याच दिवशी लिहून काढलं होतं, म्हणून जवळपास त्यांच्याच शब्दांत देतो. मेंदू स्वतःची अफू तयार करतो. थोडीशी. मार लागला की कळ सोसता यावी म्हणून, आणि गोड, तुपकट काही तोंडात गेलं की ते पुन्हा खावंसं वाटावं म्हणून. माणसाला रोज खायला मिळत नव्हतं, त्या काळी ही सोय होती. मिळालं तेव्हा भूक नसली तरी खाऊन ठेवायचं. पेरू आणि पेढा समोर असले तर पेढ्याकडे हात जातो, तो याच कारणाने. मन त्रासलेलं असेल तर आणखी लवकर जातो. "तुमच्या पूर्वजांपुढे वर्षातून एकदा डबा येत असेल. तुमच्यापुढे रोज येतो."

मग ते गोळीबद्दल बोलले. कळ शमवणं आणि 'अजून खा' म्हणणं, ही दोन्ही कामं मेंदूत एकाच दारातून होतात. दारूचंही बरंच काम तिथूनच होतं. गोळी त्या दाराला कडी लावते. सगळ्यांना ती लागू पडत नाही, खाण्यासाठी ती दिली जाते तेव्हा नीट लक्ष ठेवावं लागतं. "एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. कधी ऑपरेशनची वेळ आली, कळ थांबवायचं जोरदार इंजेक्शन द्यायची वेळ आली, तर आधी या गोळीचं सांगायचं. कडी लागलेली असली की ते इंजेक्शनही बाहेरच राहतं."

आम्ही दोघांनी मान डोलावली.

कॅल्शियमची बाटली

चिठ्ठी घेऊन सुनंदा हिंगोलीतल्या औषधाच्या दुकानात गेली. दुकानात गर्दी होती. दुकानदार ओळखीचा. चिठ्ठी वाचून मोठ्याने म्हणाला, "दारूची गोळी व्हय ही. साहेब सोडून राहिले म्हना? चांगलं हाय मॅडम, हिंमत सोडू नका."

त्याने हे आपुलकीने म्हटलं होतं. सुनंदा गोळी न घेताच परत आली. त्यानंतर गोळ्या नांदेडहून येऊ लागल्या. पाकिटातून काढून ती त्या कॅल्शियमच्या जुन्या बाटलीत भरायची.

परिणाम दिसायला काही आठवडे लागले. आधी मळमळ झाली, ती गेली. मग एके दिवशी पोलीस भरतीतल्या एका मुलाचा डबा आला. मी एक पेढा खाल्ला. तो गोड होता, खवा ताजा होता, वेलदोडा होता. बातमी लिहून झाली. संध्याकाळी उठताना लक्षात आलं की डबा तसाच आहे. त्यात विशेष संयम ठेवला, असं काही नव्हतं. तो तिथे होता आणि मी कामात होतो.

तीन महिन्यांची सरासरी साखर पहिल्यांदाच उतरली.

पण कडी फक्त पेढ्यापुरती लागत नाही. सुनंदाची येसराची आमटी मला नुसती गरम लागू लागली. तिखट कळायचं, मीठ कळायचं. ताट संपायचं. आणखी वाढून घ्यावंसं वाटत नसे. मी हे तिला सांगितलं नाही. तिनेच एकदा म्हटलं, "भाकर नुसती चावून राहिलात. आमच्या हाताला काय झालं आता?"

वैशाखी पौर्णिमा

आमचं मूळ गाव हट्ट्याजवळ आहे. थोरला भाऊ बबनदादा तिथे शेती करतो. तेव्हा तो विहार समितीचा सचिव होता. दोन वर्षांपूर्वी गावातल्या बायांना सोबत घेऊन त्याने देशी दारूचं दुकान बंद करवलं होतं. मतदान झालं, बाटली आडवी झाली. दुकानाच्या बाजूचे लोक तेव्हापासून दादाची चूक शोधत होते.

पौर्णिमेला दुपारी विहारात वंदना झाली आणि खीर वाटली गेली. मी एक वाटी घेतली. वाढणाऱ्या पोराने पुन्हा पातेलं पुढे केलं, मी हात आडवा धरला. दादाने ते पाहिलं.

"काहून रे? खिरीला न्हाई म्हणणारा तू कधीपासून?"

"औषध चालू आहे, दादा."

"कसलं औषध?"

मी सांगितलं. त्याने लगेच इकडेतिकडे पाहिलं आणि मला दंडाला धरून मांडवाबाहेर नेलं. बाहेर मोकळं अंगण होतं, फरशीचं. मांडवात लोक होते, म्हणून आम्ही उन्हात उभे राहिलो. त्याच्या चपला आणि माझे बूट-मोजे दाराशी होते.

"दारूची गोळी? आन् तू घेऊन राहिलास?"

"दारूसाठी नाही, खाण्यासाठी. मेंदूत..."

"मेंदूचं मला सांगू नको. गावाला कोन समजावणार? पंचशील रोज मी म्हणवून घेतो, आन् सख्खा भाऊ दारूची गोळी खातो. ते दुकानवाले तर बँड लावतील."

मी त्याला सगळं समजावून सांगितलं. कळ, गोड, दार, कडी. त्याला वेळ लागला, पण त्याने ऐकलं. मध्येच तो एका पायावरून दुसऱ्या पायावर होऊ लागला.

"चल सावलीत. पाय पोळून राहिले."

मला काही जाणवलं नव्हतं. आम्ही आणखी थोडा वेळ बोलत उभे राहिलो, कारण बोलत मी होतो.

हिंगोलीला आल्यावर सुनंदाने मोजे काढले. उजव्या पायाच्या दोन बोटांखाली आणि चवड्यावर फोड आले होते.

भूल देण्याआधी

फोडांच्या जखमा झाल्या, जखमांत पू झाला. हिंगोलीत ड्रेसिंग झालं, पण करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काळं पडलं. नांदेडला हलवण्यात आलं. सर्जन म्हणाले, बोटं जातील. आज काढली तर पाय वाचेल, उशीर केला तर सांगता येत नाही. ती कडीची गोळी मी सकाळीच घेतली होती.

भूल देणाऱ्या डॉक्टर खाटेजवळ आल्या. मी पडून होतो, उशाला सुनंदा, पायथ्याशी दादा.

"कोणती औषधं चालू आहेत?"

सुनंदाने साखरेची आणि रक्तदाबाची नावं सांगितली. मग ती थांबली.

"आणखी काही?"

"न्हाई," दादा म्हणाला. "आणखी काय न्हाई मॅडम."

सुनंदाने माझ्याकडे पाहिलं. मी दादाकडे पाहिलं. शेजारच्या खाटेवरचा रुग्ण हट्ट्याकडचा होता, त्याच्याजवळ आमच्या गावचे दोन लोक बसले होते. कुणीही पुढे बोललं नाही.

कमरेत सुई देऊन पाय बधिर करण्यात आला. शस्त्रक्रिया नीट झाली.

बधिरपणा उतरल्यावर कळ सुरू झाली. ज्या पायाला फरशीचा चटका कळला नव्हता, त्याच पायात. डॉक्टरांनी नंतर सांगितलं की असं होतं; वरचं कळत नाही आणि आतली नस ओरडते. इंजेक्शन देण्यात आलं. फरक पडला नाही. दुसरं देण्यात आलं. मी खाटेची सळई धरली होती. ओरडणार नाही असं ठरवलं होतं, ते जमलं नाही.

परिचारिका गोंधळली. "काका, एवढ्यावर माणूस झोपी जातो हो."

डॉक्टर आले. त्यांनी दादाला बाजूला घेतलं, पण आवाज ऐकू येत होता. "खरं सांगा. यांना आधीपासून अशा इंजेक्शनची सवय आहे का? काही नशा?"

"साहेब, आमच्या घरात सुपारीसुद्धा न्हाई."

"मग हे लागू का पडत नाही?"

 सुनंदा उठली.

"दादा, आता बास करा."

"सुनंदा, गावचे बसलेत ना तिथं..."

"बसू द्या. हे ओरडून राहिलेत, तुमाला ऐकू येत न्हाई का?"

तिने डॉक्टरांना गोळीचं नाव सांगितलं. कधीपासून, किती, कशासाठी, तेही सांगितलं. शेजारच्या खाटेजवळचे दोघं ऐकत होते. डॉक्टर रागावले नाहीत. "सकाळी कळलं असतं तर..." म्हणाले आणि वाक्य तिथेच सोडून भूल देणाऱ्या डॉक्टरांना बोलावलं. पायाच्या नसेजवळ औषध देऊन पाय पुन्हा बधिर करण्यात आला. त्या औषधाला मेंदूतलं दार लागत नाही. अर्ध्या तासात मी सळई सोडली.

दादा व्हरांड्यात उभा होता. सुनंदा पाणी आणायला गेली तेव्हा तो तिला म्हणाला, "मला वाटलं, दारूच्या गोळीचा बोटाशी काय संबंध."

खजूर

गोळी बंद करण्यात आली. जखम पुन्हा उघडावी लागली तर कळ थांबवणाऱ्या इंजेक्शनचा उपयोग व्हायला हवा, असं सर्जनचं म्हणणं होतं. गोळी बंद राहिली तर हात पुन्हा सुटेल, असं मानसोपचारतज्ज्ञांनी फोनवर सांगितलं. दोघांचंही बरोबर होतं. सर्जनचं ऐकण्यात आलं, कारण पाय त्यांच्या ताब्यात होता.

चौथ्या दिवशी सुनंदाच्या बहिणीने धपाटे आणि दही आणलं. पहिल्या घासाला मी थांबलो. ओवा, तीळ, कडेचा करपलेला भाग, सगळं परत आलं होतं. मी आणखी एक मागितला. सुनंदाचा चेहरा उजळला. "आज कसं माणसासारखं जेवून राहिलात!" अनेक महिन्यांनी ती माझ्या जेवणावर खूश झाली होती. त्या दिवशी आम्ही दोघंही आनंदात होतो, हे नोंदवायला हवं.

परत आलं ते फक्त धपाट्यापुरतं नव्हतं. रुग्णालयात भेटायला येणारा रिकाम्या हाताने येत नाही. बिस्किटं, केळी, चिकू खाटेशेजारच्या कपाटात जमा होऊ लागले. दादा दर दोन दिवसांनी यायचा आणि खजूर आणायचा. सुनंदाने हटकलं.

"दादा, यांना साखर आहे."

"खजूर झाडाचा हाय. हलवायाचा न्हाई. रक्त किती गेलं त्याचं, भरून नको यायला?"

त्याला दुसरं काही करता येत नव्हतं. गावात बातमी त्याच्या आधी पोचली होती. दुकानाच्या बाजूच्या लोकांनी चौकात त्याला अडवून विचारलं होतं, "गावची बंद केली, आन् घरची चालू व्हय?" हे त्याने मला सांगितलं नाही, वहिनीने सांगितलं. तो फक्त पिशवी कपाटात ठेवायचा आणि म्हणायचा, "खा."

सुनंदा शाळेत गेलेली असताना मी खायचो. एक बी काढून ठेवली की दुसऱ्या खजुराकडे हात जायचा. बिया रुमालात बांधून बाथरूमच्या डब्यात टाकायचो. डॉक्टरांचं सगळं म्हणणं मला आठवत होतं. मी ते दादाला समजावून सांगितलं होतं. ते माहीत असून हात थांबला नाही. परिचारिका दिवसातून चार वेळा बोट टोचायची आणि दरवेळी इन्सुलिन वाढवून लिहिलं जायचं.

तिसऱ्या आठवड्यात टाक्यांच्या कडा काळ्या पडल्या. सर्जनने कपाट उघडायला सांगितलं. खजुराच्या दोन पिशव्या निघाल्या, एक रिकामी. "हे कुणी आणलं?" त्यांनी विचारलं. दादा त्या वेळी खोलीत होता. "मी," तो म्हणाला.

टाच

दुसऱ्या शस्त्रक्रियेत उजव्या पावलाचा पुढचा अर्धा भाग काढण्यात आला. टाच राखता आली तर जयपूर फूटशिवाय उभं राहता येईल, असं सर्जन म्हणाले होते. टाच राहिली. या वेळी औषधांचं सगळं सुनंदाने सांगितलं. गोळी बंद होऊन तीन आठवडे झाले होते. इंजेक्शन लागू पडलं.

जखम सुकायला दिवाळी उजाडली. त्यानंतर गोळी पुन्हा सुरू करण्यात आली. ती आता हिंगोलीतून घेतली जाते आणि पाकिटातच राहते. माझ्या खिशात एक चिठ्ठी असते, गोळीचं नाव लिहिलेली, बेशुद्ध सापडलो तर कुणाला कळावं म्हणून. डबे कार्यालयात अजून येतात. ते रफिकभाईंच्या टेबलावर ठेवले जातात. सुनंदाची आमटी पुन्हा नुसती गरम लागते. हे या वेळी मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "लागू द्या."

दादाने समितीचं सचिवपद सोडलं. कुणी मागितलं नव्हतं. दारूचं दुकान बंदच आहे. तो हिंगोलीला येतो तेव्हा हातात काही नसतं, आणि पंधरा मिनिटांत उठतो. खजुराबद्दल आम्ही अजून बोललेलो नाही.

गेल्या महिन्यात पायांची तपासणी झाली. डॉक्टरांनी नायलॉनचा एक बारीक धागा दाखवला. तो पायाला वेगवेगळ्या ठिकाणी टेकवणार, जिथे जाणवेल तिथे 'हो' म्हणायचं, असं सांगितलं. मला डोळे मिटायला सांगण्यात आलं. मी मिटले आणि थांबलो. खोलीत पंख्याचा आवाज होता. बराच वेळ गेला.

"करा सुरू," मी म्हणालो.

"दोन्ही पायांचं झालं," डॉक्टर म्हणाले. "डोळे उघडा."